पोकरची मोठी स्पर्धा कोण मारतं: मुरलेला की हौशी?

लास वेगासमध्ये दर उन्हाळ्यात 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' भरते. तिच्यातल्या मुख्य स्पर्धेला सगळे नुसतं 'मेन इव्हेंट' म्हणतात. २०२५ साली ती मायकल मिझराकीने जिंकली. ९,७३५ खेळाडू, प्रत्येकी १०,००० डॉलर प्रवेशशुल्क आणि पहिलं बक्षीस एक कोटी डॉलर. मिझराकीचं टोपणनाव 'द ग्राइंडर', म्हणजे घाण्याला जुंपल्यासारखा दिवसरात्र खेळणारा. त्याच उन्हाळ्यात त्याने ५०,००० डॉलर शुल्काची 'पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप'ही जिंकली होती, आणि ती चौथ्यांदा. एवढं वाचल्यावर वाटतं की प्रश्न मिटला. ज्याचं पोट या खेळावर चालतं, तोच जिंकणार.

पण २००३ साली हीच मुख्य स्पर्धा ख्रिस मनीमेकर या टेनेसीच्या अकाउंटंटने जिंकली होती. (आडनाव खरंच तेच आहे.) ८६ डॉलरची एक ऑनलाइन पात्रता फेरी खेळून तो वेगासला पोहोचला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. शेवटच्या दोघांत त्याच्यासमोर सॅम फार्हा हा मुरलेला व्यावसायिक, म्हणजे 'प्रो', होता.

मग नेमकं कोण जिंकतं? लोक इथे दोन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात विचारतात, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

आधी स्पर्धा म्हणजे काय ते पाहू

तीन पत्ती येत असेल तर अर्धं काम झालं. 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडले जातात. या सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा हात भारी, तो डाव जिंकतो. किंवा बाकीचे सगळे पत्ते टाकून देतात आणि तो न दाखवताच जिंकतो. हा दुसरा मार्ग लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एरवीच्या पैशांच्या टेबलावरून तुम्ही कधीही उठू शकता. स्पर्धेत तसं नसतं. शुल्क भरलं की चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) मिळतात, त्या संपल्या की तुम्ही बाहेर. शेवटी सगळ्यांच्या चिप्स एकाच माणसापुढे येतात आणि तो विजेता. कुणी नुसतं बसून राहू नये म्हणून प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघायच्या आधीच सक्तीने चिप्स लावाव्या लागतात. या सक्तीच्या रकमेला 'ब्लाइंड' म्हणतात (एकाचा लहान, दुसऱ्याचा मोठा), आणि ठरावीक वेळाने ती वाढत जाते. घरभाडं दर दोन तासांनी वाढावं, तसं. काहीच केलं नाही तरी चिप्स झिजतात.

तेरा वेळा दुप्पट

आता गणित. दहा हजार खेळाडू आहेत आणि सगळ्यांच्या चिप्स सारख्या आहेत असं धरा. जिंकण्यासाठी तुमच्या चिप्स दहा हजार पट व्हायला हव्यात. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत गेलं तर तेरा वेळा दुप्पट झाल्यावर आठ हजारांच्या वर पोहोचता येतं. म्हणजे साधारण सव्वातेरा दुपटी, आणि मध्ये एकदाही चिप्स संपायला नकोत.

सगळे सारख्याच तोडीचे असतील तर प्रत्येक दुप्पट होण्याची शक्यता ५० टक्के. सव्वातेरा वेळा नाणं आपल्याच बाजूने पडण्याची शक्यता येते दहा हजारांत एक, म्हणजे सरासरी खेळाडूला मिळायला हवी तेवढीच.

आता समजा एखादा इतका चांगला आहे की दर दुपटीला त्याची शक्यता ५२ टक्के आहे. त्याची जिंकण्याची शक्यता होते सुमारे ५,९०० मध्ये एक. ती ५५ टक्के असेल तर सुमारे २,८०० मध्ये एक. दर पायरीवरचा पाच टक्क्यांचा फरक चक्रवाढ व्याजासारखा साठत जातो आणि शेवटी साडेतीन पट होतो. ही आघाडी प्रचंड आहे.

आणि तरीही २,८०० मध्ये एकच. हा खेळाडू चाळीस वर्षं न चुकता दरवर्षी वेगासला गेला, तरी आयुष्यात एकदा मेन इव्हेंट जिंकण्याची त्याची शक्यता दीड टक्क्याच्या आतच राहते.

५५ हा आकडा मी सोयीसाठी धरला असला तरी हवेतून काढलेला नाही. शिकागो विद्यापीठाच्या स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० सालच्या वर्ल्ड सिरीजमधल्या स्पर्धांचा अभ्यास केला होता. पूर्वीच्या कामगिरीवरून जे आधीच 'कुशल' ठरले होते, अशांपैकी एक आणि बाकीच्यांतला एक अशी जोडी घेतली, तर कुशल खेळाडू पुढे जाण्याचं प्रमाण जवळपास ५५ टक्के निघालं. अमेरिकेतला बलाढ्य बेसबॉल संघ साधारण संघाला जितक्या वेळा हरवतो, जवळपास तितकंच. माझ्या हिशोबातली 'दुप्पट' आणि त्यांची 'जोडी' एक नव्हे, पण अंदाज येतो.

एक प्रो आणि सगळे प्रो

एमपीएससीच्या निवड यादीत तीन-चार वर्षं अभ्यासिकेत बसलेली मुलंच जास्त असणार, हे सदाशिव पेठेतला चहावालाही सांगेल. पण त्याच अभ्यासिकेत खिडकीशी बसणाऱ्या मुलाचं नाव यादीत येईल का, यावर तो पैज लावणार नाही. पोकरचा प्रश्न अगदी हाच आहे.

'एखादा प्रो आणि एखादा हौशी यांत जिंकण्याची शक्यता कुणाची जास्त?' याचं उत्तर सरळ आहे: प्रोची, कित्येक पटींनी. 'विजेता प्रोंपैकी असेल की हौशींपैकी?' याचं उत्तर मात्र मैदानात कुणाची संख्या किती आहे यावर ठरतं.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. दहा हजारांत दीड हजार प्रो आहेत असं माना. त्यांची आघाडी साडेतीन पट असेल, तर विजेता प्रो असण्याची शक्यता ५३ टक्क्यांच्या आसपास येते. आघाडी ५२ टक्केवाल्यांइतकीच असेल, तर फक्त २५ टक्के. आणि प्रो दीडऐवजी एकच हजार असतील, तर साडेतीन पट आघाडी असूनही त्यांच्या वाट्याला ३५ टक्केच येतात. म्हणजे प्रत्येक प्रो प्रत्येक हौशीपेक्षा भारी, तरी गर्दीच्या जोरावर हौशीच जिंकण्याची शक्यता जास्त. यात विरोधाभास काही नाही, नुसता गुणाकार आहे.

स्पर्धा लहान झाली की चित्र पालटतं. १९८७ साली मेन इव्हेंटमध्ये १५२ खेळाडू होते. तिथे सव्वासात दुपटी पुरतात, आणि ५५ टक्केवाल्याची शक्यता ७६ मध्ये एक होते. जॉनी चॅनने ती स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी १६७ जणांत पुन्हा जिंकली. त्यानंतर सलग दोन वर्षं ती कुणालाही जमलेली नाही. स्टू उंगरने १९९७ साली तिसऱ्यांदा जिंकली तेव्हा ३१२ खेळाडू होते. त्यानंतर एकाही माजी विजेत्याला मेन इव्हेंट पुन्हा मिळालेला नाही. आजचे खेळाडू उंगरपेक्षा कच्चे नाहीत, मैदान तिप्पट-चौपट नव्हे तर तीसपट झालं आहे.

भरमसाट शुल्काच्या स्पर्धांत तर दोन्ही गोष्टी प्रोंच्या बाजूने असतात: माणसं कमी आणि त्यांत प्रोच जास्त. २०१२ साली दहा लाख डॉलर शुल्काची 'बिग वन फॉर वन ड्रॉप' झाली. ४८ खेळाडू होते. अँटोनियो एस्फंडियारी हा प्रो जिंकला आणि त्याला १ कोटी ८३ लाख डॉलर मिळाले. पण तिसरा आला डेव्हिड आइनहॉर्न, ज्याचा धंदा शेअर बाजारातला आहे.

'पत्ते तर नशिबाने येतात, मग कौशल्य कसलं?'

हा आक्षेप खरा आहे आणि अर्धाच आहे. दोन एक्के हातात असताना समोरच्याने दोन राजांवर सगळ्या चिप्स लावल्या, तर एक्के जिंकण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. याहून चांगली वेळ क्वचितच येते. पण अशा पाच वेळा आल्या, तर पाचही जिंकण्याची शक्यता ३७ टक्केच उरते. म्हणजे दर वेळी भारी पत्ते असूनही तिघांपैकी जवळजवळ दोघे वाटेतच गारद.

म्हणून चांगला खेळाडू अशा वेळा कमी येऊ देतो. सगळ्या चिप्स मध्ये ढकलायच्या, म्हणजे 'ऑल-इन' जायचं, हे हौशीला शौर्य वाटतं. प्रोचं बरंचसं काम छोट्या डावांत चालतं, जिथे पत्ते दाखवायची वेळच येत नाही.

हौशीच्या चिप्स नेमक्या कुठे गळतात ते एका उदाहरणात पाहा. तुमच्याकडे बदामाचे चार पत्ते जमले आहेत, पाचवा आला तर हात भारी. एकच पत्ता उघडायचा बाकी आहे. तुम्हाला न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे शक्यता २० टक्क्यांच्या जरा आत. मध्ये हजार चिप्स आहेत आणि समोरच्याने आणखी हजार लावले. तुम्ही हजार देऊन दोन हजारांसाठी खेळताय. हे परवडायला तीनातून एकदा जिंकायला हवं, तुम्ही जिंकणार पाचातून एकदा. असा प्रत्येक डाव सरासरी चारशेहून जास्त चिप्स खातो. समोरच्याने हजाराऐवजी अडीचशेच लावले असते, तर सहातून एकदा जिंकलं तरी पुरतं, मग खेळायलाच हवं होतं. हौशी दोन्ही वेळा खेळतो, कारण त्याला बदाम दिसतात, किंमत दिसत नाही. आणि पाचातून एकदा बदाम येतोच. लक्षात तेवढाच राहतो.

दुसरी गळती बक्षिसांच्या उंबरठ्यावर. मेन इव्हेंटमध्ये साधारण १५ टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं, आणि सगळ्यात लहान बक्षीस १५,००० डॉलर. दहा हजारांतले दीड हजार बक्षिसात येणार आणि १,५१० उरलेत, अशी वेळ डोळ्यांपुढे आणा. स्वस्तातली पात्रता फेरी खेळून आलेल्याला ते १५,००० सोडवत नाहीत. तो बरे पत्तेही टाकत बसतो. प्रो तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात कुठल्याही पत्त्यांवर बोली वाढवून त्याचे ब्लाइंड उचलत राहतो. इथे त्याच्या पत्त्यांना महत्त्वच नसतं, शेजाऱ्याच्या भीतीला असतं.

तिसरी गळती चिप्स कमी उरल्यावर. मोठ्या ब्लाइंडच्या दहा-बारा पट चिप्स उरल्या की हळूहळू खेळायला जागाच नसते. एकतर सगळं लावायचं, नाहीतर पत्ते टाकायचे. कुठल्या जागेवरून कुठल्या पत्त्यांवर सगळं लावावं याचे तक्ते तयार आहेत आणि प्रोंना ते पाठ असतात. हौशी मात्र 'अजून जरा बघू' म्हणत पाच पटींपर्यंत उतरतो. मग त्याने सगळं लावलं तरी समोरच्याला पत्ते टाकण्याचं कारण उरत नाही.

'मग २००३ नंतर हौशीच कसे जिंकत होते?'

मनीमेकरनंतर २००४ साली पेटंटचा वकील असलेला ग्रेग रेमर जिंकला, २००६ साली टीव्हीच्या व्यवसायातला जेमी गोल्ड, २००७ साली मानसशास्त्राची पार्श्वभूमी असलेला जेरी यांग. पाच वर्षांत चार. कारण खेळाडूंच्या संख्येत सापडतं: २००३ मध्ये ८३९, २००४ मध्ये २,५७६, २००५ मध्ये ५,६१९, २००६ मध्ये ८,७७३. मनीमेकरला टीव्हीवर बघून लोकांना वाटलं, हा जिंकतो तर आपण का नाही. ऑनलाइन पात्रता फेऱ्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. तीन वर्षांत मैदान दहापट झालं, ते प्रोंनी नव्हे. प्रो असे तीन वर्षांत हजारोंनी तयार होत नाहीत.

कौशल्य मात्र त्याही काळात दिसत होतं. डॅन हॅरिंग्टन हा १९९५ चा विजेता. तो २००३ मध्ये ८३९ जणांत तिसरा आणि २००४ मध्ये २,५७६ जणांत चौथा आला. बातम्या विजेत्याच्या झाल्या, पण त्या दोन वर्षांतली थक्क करणारी कामगिरी माझ्या मते हॅरिंग्टनची होती.

जाता जाता एक गोष्ट. मनीमेकरने वापरलेली ती वाट भारतातल्या हौशीला आता मोकळी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदही त्यात ठेवला नाही.

'पण हल्ली तर प्रोच जिंकतात'

बरोबर. २००८ साली २२ वर्षांचा पीटर ईस्टगेट आणि २००९ साली २१ वर्षांचा जो काडा जिंकला. दोघेही ऑनलाइन खेळून घडलेले. तेव्हापासूनचे बहुतेक विजेते प्रो किंवा त्याच्या अगदी जवळचे आहेत. इंटरनेटवर एका वेळी अनेक टेबलं खेळता येतात, त्यामुळे विशीतल्या पोराने जुन्या खेळाडूच्या अर्ध्या आयुष्याइतके डाव पाहिलेले असतात. पुढे 'सॉल्व्हर' आले. एखाद्या प्रसंगात कुठली चाल किती वेळा खेळावी याचं उत्तर काढून देणारी ही सॉफ्टवेअर. २०२४ च्या अंतिम टेबलावर विजेत्याच्या साथीदारांच्या हातात लॅपटॉप दिसला, तेव्हा हे वाजवी का यावर बरंच वादळ उठलं होतं.

पण 'प्रो' हा शिक्का आता पूर्वीइतका ठसठशीत राहिलेला नाही. २०२३ साली १०,०४३ जणांत पहिला आलेला डॅनियल वाइनमन पट्टीचा खेळाडू, आणि सॉफ्टवेअरची नोकरीही करणारा. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं? ते सॉल्व्हर विकत मिळतात, आणि संध्याकाळी दोन तास त्यावर बसणारा बँकेतला माणूस हौशी असला तरी १९९० च्या दशकातल्या बऱ्याच प्रोंना भारी पडेल. तेव्हा 'प्रो जास्त जिंकतात' यात थोडा शब्दांचा खेळही आहे: जे इतका अभ्यास करतात, ते बहुधा नोकरी सोडूनच देतात.

स्पर्धेचा आराखडा बघा

मेन इव्हेंटमध्ये सुरुवातीला ६०,००० चिप्स मिळतात आणि पहिला मोठा ब्लाइंड २०० चा असतो, म्हणजे ३०० पट. एक टप्पा, म्हणजे ब्लाइंड वाढेपर्यंतचा वेळ, दोन तासांचा. वाटप करणारा डीलर तासाला साधारण २५ ते ३० डाव काढतो, तेव्हा एका टप्प्यात पन्नास-साठ डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंडची पाळी सहा वेळा फिरते आणि मगच भाडं वाढतं. चुका करायला आणि पकडायला भरपूर वेळ. कसोटी सामना म्हणा.

आता ५० पट चिप्स आणि वीस मिनिटांचा टप्पा धरा. एका टप्प्यात आठ-दहा डाव, म्हणजे पाळी एकदा फिरली की भाडं वाढलंच. दोनेक तासांत सगळे ऑल-इनवर येतात, आणि तिथे प्रोची आघाडी बारीक होते. टेनिस बॉलच्या पाच षटकांच्या सामन्यात रणजीचा खेळाडूही गल्लीतल्या पोराकडून आउट होतो, तसं.

मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोत किंवा कुठेही शुल्क भरण्याआधी 'स्ट्रक्चर शीट', म्हणजे चिप्स आणि ब्लाइंडचं वेळापत्रक, मागून घ्यावी. सुरुवातीच्या चिप्सना पहिल्या मोठ्या ब्लाइंडने भागा आणि टप्पा किती मिनिटांचा ते पाहा. बाहेर पडल्यावर पुन्हा शुल्क भरून बसता येतं का, तेही विचारा. मेन इव्हेंटमध्ये तसं चालत नाही, एकदा गेलात की गेलात. जिथे चालतं, तिथे जाड खिशाचा प्रो तीन-तीनदा बसतो आणि तुम्ही एकदाच. शेवटचं म्हणजे शुल्कातला किती भाग आयोजक ठेवतात, म्हणजे 'रेक' किती. तो जास्त असेल तर चांगल्या खेळाडूची आघाडी आयोजकाच्याच खिशात जाते.

जिंकणं वेगळं, कमावणं वेगळं

लेव्हिट-माइल्सच्या अभ्यासात कुशल ठरलेल्यांना लावलेल्या पैशांवर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला होता. बाकीच्यांचे सरासरी १५ टक्के बुडाले. प्रोची कमाई या सरासरीतून येते, करंडकातून नाही. पण सरासरी यायला शेकडो स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि मधली कोरडी वर्षं प्रत्येकाला सोसत नाहीत. म्हणून प्रो स्वतःचे हिस्से विकतात: शुल्काचा भाग दुसऱ्याने भरायचा आणि बक्षिसातला भाग घ्यायचा. २००९ साली जो काडाने ८५ लाखांवर डॉलर जिंकले, तेव्हा त्यातले निम्मे त्याला खेळायला पैसे देणाऱ्यांचे होते. अशा हिशोबात सगळ्यात वर आलेला आणि सगळ्यात जास्त घरी नेणारा एकच असेल असं नाही.

मार्क न्यूहाउस या प्रोने २०१३ साली ६,३५२ जणांतून शेवटच्या नऊत जागा मिळवली. २०१४ साली ६,६८३ जणांतून पुन्हा. सरासरी खेळाडूने दोन ठरावीक वर्षी हे करण्याची शक्यता सव्वापाच लाखांत एक आहे. दोन्ही वर्षी खेळणारे हजारो असतात, त्यामुळे कुणाच्या तरी नशिबात हे येणं अगदीच अशक्य नव्हे, तरी निव्वळ नशीब म्हणायला मन धजत नाही. दोन्ही वर्षी त्याला सात लाख डॉलरच्या वर मिळाले. आणि दोन्ही वर्षी त्या नऊ जणांतून पहिला उठला तोच.